कचऱ्याच्या बादलीजवळची वही: नासाडी टाळून किराणा-भाजीचा खर्च कसा कमी करावा

किराण्याचे भाव वाढले की आपण आधी दुकान बदलतो, मग तेलाची कंपनी बदलतो आणि शेवटी भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. त्यातून थोडे पैसे वाचतातही. मात्र पंधराची मेथीची जुडी घासाघीस करून तेराला आणली आणि चौथ्या दिवशी ती पिवळी पडून बादलीत गेली, तर ते तेरा रुपये कोणत्याही हिशोबात दिसत नाहीत. पुढील पद्धत या न दिसणाऱ्या खर्चासाठी आहे. रोज घरी स्वयंपाक होणारे, चार-पाच माणसांचे सोलापुरातील कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. कारण आपल्याकडचा उन्हाळा, काही दिवसांच्या अंतराने येणारे नळाचे पाणी आणि रोजची ज्वारीची भाकरी यांमुळे पुण्या-मुंबईकडच्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

आधी पंधरा दिवस नुसते लिहावे

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील घरगुती अन्ननासाडी दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो धरली आहे. चार माणसांच्या घराला ती २२० किलो, म्हणजे दिवसाला साधारण ६०० ग्रॅम होते. या आकड्यात साली, देठ, बिया असा न खाण्याजोगा भागही येतो, त्यामुळे तो सगळाच्या सगळा तोटा समजू नये. शिवाय देशाच्या सरासरीवरून आपल्या घराचे काहीच कळत नाही. त्यासाठी शाळेची एक जुनी वही आणि दोरीला बांधलेले पेन कचऱ्याच्या बादलीजवळ टांगावे व पंधरा दिवस, काहीही न बदलता, खाण्याजोगी असून टाकावी लागलेली प्रत्येक वस्तू लिहावी. काय टाकले, किती टाकले आणि का टाकले, एवढे तीन रकाने पुरतात. कारणे बहुधा चारच निघतात: जास्त आणले, जास्त शिजवले, ठेवण्यात चूक झाली किंवा विसरले.

पंधरवडा संपला की आपल्या भागातील दराने बेरीज करावी. समजा, कोथिंबिरीच्या तीन अर्ध्या जुड्यांचे १५ रुपये, नासलेल्या अर्धा लिटर दुधाचे ३०, मऊ पडलेल्या टोमॅटोंचे १५, मेथीच्या जुडीचे १५ आणि आंबलेल्या वरण-भाताचे २५ धरले, तर एकूण १०० रुपये होतात. महिन्याचे २०० आणि वर्षाचे २,४००. पुष्कळ घरांत आकडा याहून मोठा निघेल.

आमच्या घरी ही वही लिहिण्यापूर्वी सर्वांचा संशय शिळ्या भातावर होता. वहीत मात्र सर्वाधिक वेळा कोथिंबीर आली आणि दुसऱ्या क्रमांकावर मुलाच्या डब्यातून परत येणारी अर्धी पोळी होती. भाताचा उल्लेख दोनदाच झाला. म्हणून नोंद न करता उपाय सुरू करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर जिथे गळती नाही तिथेच डागडुजी होत राहते. एक पथ्य मात्र पाळावे. ही वही कोणाची चूक शोधण्यासाठी वापरू नये. सासूबाईंनी काय टाकले आणि सूनबाईंनी काय टाकले, असे रकाने पडले की तिसऱ्या दिवसापासून कोणीही खरे लिहीत नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी

या पद्धतीतील सर्वांत परिणामकारक भाग पूर्ण विनाखर्च आहे. आपल्या भागात आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो, किंवा आपण ज्या दिवशी लक्ष्मी मंडईत जातो, त्याच्या आदल्या दिवशी घरात फक्त उरलेल्या भाज्यांचाच स्वयंपाक करावा. दोन वांगी, मूठभर गवार, एक गाजर, अर्धा फ्लॉवर, वाटीभर पावटा असे जे काही निघेल त्याची एकत्र भाजी करावी. ही कल्पना आपल्याला नवी नाही. भोगीची भाजी अशीच अनेक शेंगा-भाज्यांची असते आणि वेळ अमावस्येला शेतात नेली जाणारी भज्जीही डाळी, शेंगा व पालेभाज्या एकत्र शिजवूनच होते. या भाज्या वर्षातून एकदा कौतुकाने होतात; त्याच धर्तीची एक भाजी दर आठवड्याला केली, तर फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा होतो आणि बाजारात काय आणायचे हे आपोआप समजते. थोडे दाण्याचे कूट, तीळ आणि काळा मसाला घातला की अशा भाजीला उरल्यासुरल्याची चव राहत नाही.

रिकाम्या कप्प्यासमोर उभे राहून यादी करावी, भरलेल्या फ्रीजचे दार लावून नव्हे. यादीत नुसते भाजीचे नाव न लिहिता वार लिहून त्यापुढे भाजी लिहावी. सोमवार मेथी, मंगळवार दोडका, बुधवार मटकीची उसळ, असे लिहिल्यावर एका आठवड्यात किती पालेभाज्या खरोखर खपतात हे लक्षात येते. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, भेंडी, गवार, दोडका मधल्या दिवसांत आणि दुधी, कोबी, लाल भोपळा, गाजर शेवटी असा क्रम ठेवावा. आठवड्यातील एक दिवस मुद्दाम रिकामा सोडावा; पाहुणे येतात, कोणी जेवायला बोलावते, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर संध्याकाळी घरचे सगळे होम मैदानावर आणि कुकरमधली भाजी घरात, असे हमखास होते. त्या आठवड्यात बाजार निम्माच करावा.

संध्याकाळी बाजार उठताना लागणाऱ्या वाट्यांविषयी सावध राहावे. दहा रुपयांना मोठा वाटा मिळतो, तो मोह साहजिक आहे आणि भाजी त्याच रात्री शिजणार असेल तर व्यवहारही चांगला आहे. दिवसभर उन्हात राहिलेली ती भाजी तीन दिवस टिकेल, या आशेने मात्र घेऊ नये.

कांदा आणि ज्वारी: वर्षाची खरेदी

सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात लाल कांद्याची प्रचंड आवक होते आणि दर पडले की दारावर, रस्त्याकडेला पिशव्याच्या पिशव्या स्वस्तात मिळू लागतात. नेमकी इथेच चूक होते. खरिपाचा हा लाल कांदा पाणीदार असतो, त्याची मान नीट वाळलेली नसते आणि तो साठवणुकीला टिकत नाही. मी एका हिवाळ्यात वीस किलोची पिशवी आणून बाल्कनीत ठेवली होती. तीन आठवड्यांत खालच्या थरातून पाणी सुटले आणि निम्म्याहून जास्त कांदा गेला. हिवाळ्यातला कांदा पंधरा दिवसांपुरताच घ्यावा. साठवायचा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत येणारा रब्बीचा उन्हाळी कांदा घ्यावा. तो नीट सुकवलेला असेल तर चार-पाच महिने राहतो. मान बारीक व कोरडी, साल कडक आणि वाजणारी, आकार मध्यम, असा निवडून तो जाळीच्या पिशवीत, जमिनीपासून वर, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा आणि दर आठवड्याला चाळून नरम पडलेला एकेक बाजूला काढावा. बटाटे त्याच्याजवळ ठेवू नयेत. त्यांच्या ओलाव्याने कांदा लवकर सडतो. बटाट्यांना अंधार लागतो. उजेडात हिरवे पडलेले बटाटे कडू लागतात आणि त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, म्हणून हिरवा भाग भरपूर असेल तर बटाटा टाकून द्यावा.

ज्वारीचे गणित घराघरांत चुकते, कारण ते आजी-आजोबांच्या काळातल्या माणसांच्या संख्येवर केलेले असते. मध्यम भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागते. दिवसाला आठ भाकरी होत असतील तर ६०० ग्रॅम, महिन्याला १८ किलो आणि वर्षाला सुमारे २१६ किलो, म्हणजे दोन क्विंटलच्या थोडे वर. मुले शहराबाहेर शिकायला गेली, कोणी रात्री पोळीच खाऊ लागले, तर ही गरज सहज निम्म्यावर येते; पोती मात्र तेवढीच येत राहतात आणि वर्षअखेरीस त्यांना टोके लागतात. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती घ्या किंवा दुसरी कोणती, साठवण्यापूर्वी तिला कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली धरल्यावर कट्कन तुटला पाहिजे. चेपला तर तो अजून ओला आहे. ऊन दिलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये, पूर्ण निवल्यावर भरावे, नाहीतर आत वाफ धरते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घालावा. तूरडाळीला हाताला लागेल इतके एरंडेल चोळले तरी कीड दूर राहते. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, ती मात्र सोडावी.

दळण मोठे नेऊ नये. ज्वारीच्या कोंबात स्निग्धांश असतो, त्यामुळे पीठ ठेवून ठेवले की कडवट होते आणि त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना चिरते, तुटते आणि तुटलेली भाकरी बहुधा कोणी खात नाही. गिरणीत एका वेळी आठ-दहा दिवसांचेच दळण न्यावे, उन्हाळ्यात त्याहून कमी. विरी गेलेले पीठ फेकण्याचे कारण नाही. ते उकळत्या पाण्यात उकड काढून मळावे, किंवा त्यात बेसन आणि थोडी कणीक मिसळून धपाटे करावेत. कडू वास येऊ लागला असेल तर मात्र आग्रह धरू नये.

पाणी, ऊन आणि पालेभाजी

नळाला पाणी येण्याच्या दिवशी सगळे काही धुऊन ठेवण्याची सवय आपल्याला लागलेली असते. भांडी, कपडे यांच्यासाठी ती योग्य आहे, भाजीसाठी नाही. ओली पालेभाजी पिशवीत बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला बुळबुळीतपणा येतो. भाजी कोरडीच निवडावी, पिवळी व चुरगळलेली पाने काढावीत, कोरड्या सुती कापडात किंवा वर्तमानपत्राऐवजी साध्या कोऱ्या कागदात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि चिरण्यापूर्वी धुवावी. कोथिंबीर मुळांसकट मिळाली तर मुळे पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी करून वरून पिशवी सैल झाकावी. मुळे नसतील तर निवडून, कापड घातलेल्या डब्यात ठेवावी. आमच्या वहीतली कोथिंबीर या एका बदलाने जवळजवळ नाहीशी झाली. हिरव्या मिरच्या देठ काढून कोरड्या डब्यात ठेवल्या तर जास्त दिवस टिकतात. लिंबे उघडी ठेवली तर आठवड्यात दगड होतात, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ती रसदार राहतात.

पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, त्यामुळे त्यांची जागा वेगळी ठेवावी. फ्रीजच्या आत तापमान ४ अंशांच्या आसपास असावे. बहुतेक फ्रीजमध्ये बटणावरचा आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त. मार्च उजाडला की तो एक घर पुढे करावा. दाराचा कप्पा सर्वांत कमी थंड असतो, तिथे लोणचे, सॉस ठेवावे. दूध आतल्या फळीवर ठेवावे. वीज गेल्यावर दार उघडू नये, बंद फ्रीज सुमारे चार तास अन्न सांभाळतो.

ज्या उन्हाने भाजी सुकते तेच ऊन कामालाही येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते, तेव्हा गच्चीवर सुती कापडाखाली मेथी, गवार, कैरीच्या फोडी, भरलेल्या मिरच्या दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात. टोमॅटो उतरले असतील तर फोडी मीठ लावून वाळवाव्यात. पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावरच बरणीत भराव्यात. गवारीच्या उसऱ्या, म्हणजे वाळवलेल्या शेंगा, तळून आमटीभाताबरोबर वाढल्या तर ताटात भाजी कमी आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिजवताना आणि उरल्यावर

कोरडे तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतात. चार माणसांच्या भाकरीच्या जेवणात शेवटी थोडाच भात लागतो, तरी हाताच्या अंदाजाने दोन वाट्या तांदूळ पडतात. तांदळाच्या डब्यात एकच ठरलेली वाटी कायम ठेवावी आणि भात उरला की दुसऱ्या दिवशी तीतले दोन चमचे कमी करावेत. आठवड्यात घराचे खरे माप सापडते. मुलांना पहिल्यांदा अर्धीच भाकरी वाढावी. ताटात उष्टे टाकलेले कोणाच्याच उपयोगाचे नसते, पातेल्यात राहिलेले मात्र उद्याचे जेवण असते.

शिळ्या भाकरीबाबत सोलापूरकराला कोणी शिकवावे असे फारसे नाही. दही-दूध घालून काला, कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा, किंवा शेंगाचटणी व तेल लावून नुसतीच, हे सर्वांना ठाऊक आहे. भाकरी रोजच उरत असेल तर ती कडक करून ठेवावी. तव्यावर मंद आचेवर ठेवून स्वच्छ फडक्याने सर्व बाजूंनी दाबत, आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत शेकावी. बाजारात मिळणारी कडक भाकरी मुळातच अगदी पातळ थापलेली असते, म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. घरची जाड भाकरी तितकी टिकणार नाही, पण कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहते. आमटीत चुरून खाण्यासाठी ती ताज्यापेक्षा बरी लागते, असे मी तरी म्हणेन.

उरलेले घट्ट वरण किंवा झुणका धपाट्याच्या पिठात मळावा. आंबट झालेल्या ताकात मळलेले धपाटे जास्त खुसखुशीत होतात आणि दही फारच आंबले तर कढी आहेच. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून चटणी होते, दुधीच्या सालींचीही तशीच. कलिंगडाचा पांढरा भाग किसून भाजी होते, मुळ्याचा पाला झुणक्यात जातो, फ्लॉवरचे कोवळे दांडे वर सांगितलेल्या मिसळ भाजीत जातात आणि कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात. भाताच्या बाबतीत शेजारच्या घरांकडे पाहावे. आपल्या शहरातील तेलुगू घरांत भाताला चिंचेचा कोळ लावून पुलिहोरा होतो, कन्नड घरांत लिंबाचे चित्रान्न होते, मराठी घरांतला फोडणीचा भात आलटून पालटून या दोन रूपांत केला, तर “पुन्हा तोच भात का?” हा प्रश्न येत नाही.

मात्र यासाठी भात सकाळपर्यंत ओट्यावर राहता कामा नये. शिजलेला भात उबदार राहिला की त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याने तयार केलेले एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न एरवी दोन तासांत आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासात फ्रीजमध्ये गेले पाहिजे. मोठे पातेले लवकर निवत नाही, म्हणून अन्न पसरट भांड्यात काढून ते परातीतील पाण्यात ठेवावे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच बाहेर काढून वाफ येईपर्यंत गरम करावे. पुन्हापुन्हा गरम-गार करू नये. डब्यावर कागदी पट्टी चिकटवून वार लिहिला तर विसरण्याचे कारण राहत नाही.

जे टाकलेच पाहिजे

शेंगदाण्यांना बुरशी आली, ते काळे-हिरवे पडले किंवा कडू लागले, तर ते निवडून, भाजून चटणीत घालू नयेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते, ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पुरेसे जात नाही. आपल्याकडे शेंगाचटणी व कूट रोज लागते, म्हणून ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. पावाला किंवा पोळीला एका कोपऱ्यात बुरशी दिसली तरी संपूर्ण तुकडा टाकावा. तार सुटलेली भाजी, फसफसलेली आमटी यांची चव घेऊन खात्री करण्याची गरज नसते. टोके लागलेली ज्वारी चाळून, ऊन देऊन वापरता येते. जाळी धरलेला, ओलसर वासाचा रवा वापरता येत नाही.

पाकिटांवरच्या तारखांचा अर्थ वेगवेगळा असतो. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख उलटलेला पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख चव व दर्जाविषयी असते, ती उलटलेली बिस्किटे किंवा शेवया पाकीट न फोडलेले, कोरडे आणि वासाला ठीक असेल तर तपासून वापरता येतात. दुकानदार एकावर एक मोफत देतो तेव्हा ही तारीख आधी पाहावी आणि ती दोन आठवड्यांवर आली असेल, तर तेवढ्या दिवसांत दोन्ही पाकिटे संपतील का, हे तिथेच उभे राहून ठरवावे.

वही तीन महिन्यांनी पुन्हा पंधरा दिवस टांगावी. पहिली नोंद उन्हाळ्यात झाली असेल तर दुसरी श्रावणाच्या आसपास करावी, कारण तेव्हा दूध आणि भात कमी नासतात, पण डाळी, रवा, पापड आणि मसाल्यांना दमटपणा धरतो आणि उपवासासाठी आणलेला साबुदाणा, भगर, शेंगदाणे यांची अर्धी-अर्धी पाकिटे मागे राहतात. ती पाकिटे एका वेगळ्या डब्यात एकत्र ठेवावीत आणि पुढच्या उपवासाच्या यादीला बसण्यापूर्वी तो डबा उघडावा.